खरं सांगायचं, पण कुणाला, कधी आणि किती?

या खेपेच्या बऱ्याच पत्रांत एकच पेच आहे. प्रेमाने वागावं तर खरं गिळावं लागतं, आणि खरं बोलावं तर माणूस दुखावतो. इफिसच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल मात्र दोन्ही एका दमात सांगतो: प्रीतीने सत्य बोला (४:१५). आमची समजूत अशी आहे की सत्यात फेरफार करण्याचा अधिकार प्रीतीला नाही. ते कुणाला, कधी, किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मात्र तिनेच ठरवायचं. खालची उत्तरं याच भूमिकेतून दिली आहेत.

प्रश्न : माझी एक मैत्रीण कविता लिहिते. मला वाचून दाखवते आणि "कशी वाटली?" म्हणून विचारते. कविता बेताच्याच असतात, पण मी "छान" म्हणते. एवढ्याशा खोट्याने काय बिघडतं? हे पाप म्हणायचं का?

याबाबत सर्वांत कडक मत प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचं आहे. इ.स. ३९५च्या सुमारास त्याने खोट्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने खोट्याचे आठ प्रकार केले आणि आठही नाकारले, कुणाचं नुकसान न करता कुणाचं तरी भलं करणारं खोटंसुद्धा. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तीन गट पाडले: नुकसान करणारं, उपयोगी पडावं म्हणून बोललेलं आणि थट्टेतलं. तिन्ही चूकच, पण शेवटची दोन हलकी, असं त्याचं म्हणणं. उलट बाजूला खोटं बोलून अर्भकांचा जीव वाचवणाऱ्या इब्री सुइणी (निर्गम १) आणि खोटं बोलूनच हेरांना लपवणारी राहाब (यहोशवा २) आहेत. त्या दोन प्रसंगांवर ख्रिस्ती विचारवंतांचं आजही एकमत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या कवितेवर मात्र कुणाचा जीव अवलंबून नाही, तेव्हा राहाबचा दाखला इथे लागू होत नाही.

बिघडतं ते असं. दर वेळी "छान" मिळालं की त्या शब्दाची किंमत जाते. पुढे तिने खरोखर चांगली कविता लिहिली तरी तुमच्याकडे तिच्यासाठी वेगळा शब्द उरणार नाही. शिवाय आपली कविता बरी आहे या समजुतीवर ती एक दिवस परक्यांसमोर उभी राहील. ते जे सांगतील, त्यात तिच्याबद्दलची माया नसेल.

पुढच्या वेळी मत देण्याआधी एक विचारा: "तुला नुसती ऐकवायचीय, की मत हवंय?" नुसती ऐकवायची असेल तर ऐका. मत न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मत हवं असेल तर कविता कागदावर मागून घ्या, एक दिवस जाऊ द्या आणि दोनच गोष्टी सांगा. जी ओळ खरोखर आवडली ती, बोट ठेवून. आणि जिथे तुमचं लक्ष सुटलं ती जागा, तीही बोट ठेवून. "दुसऱ्या कडव्यापर्यंत मी तुझ्याबरोबर होते, तिसऱ्यात कोण कुणाशी बोलतंय ते कळेना," हे वाक्य "छान"पेक्षा तिच्या जास्त कामाचं आहे. एका बैठकीत एकच दोष सांगा, पाच सांगितले तर तिला एकही सुधारता येणार नाही. आणि कविता ताज्या दुःखावरची असेल, तर त्या दिवशी टीका नकोच.

प्रश्न : मंडळीतल्या एका भावाने मी केलेला हिशेबाचा तक्ता समितीपुढे स्वतःच्या नावावर सांगितला. मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या पायऱ्यांप्रमाणे मी त्याला भेटून दोष दाखवला, पुढे दोन जणांना घेऊन गेलो. भांडण मिटण्याऐवजी वाढलं. आधी आमच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की काही लोकांना श्रेय लाटायची सवय असते. माझं कुठे चुकलं?

ग्रुपवरच्या त्या ओळीत. येशूने सांगितलेली पहिली पायरी "तो आणि तू एकांती असताना" अशी आहे (मत्तय १८:१५). तुम्ही एकांतात भेटलात, पण तोवर गोष्ट चव्हाट्यावर आली होती. नाव घेतलं नसलं तरी कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं. त्यानंतरची तुमची भेट त्याला समेटाची वाटली नसणार, शिक्षा सुनावायला आल्यासारखी वाटली असणार. म्हणून आता पहिलं काम तुमचं आहे. ग्रुपवर जे लिहिलं त्याबद्दल ग्रुपवरच, एका वाक्यात, कारणं न देता माफी मागा. कुसळ आणि मुसळाचं वचन (मत्तय ७:३-५) नेमकं याच क्रमाबद्दल आहे. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायचं आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ. ते कुसळ तसंच राहू दे, असं येशू म्हणत नाही.

मग पहिली पायरी पुन्हा नीट घ्या. भेटण्याआधी कागदावर तीन वाक्यं लिहा, त्याहून जास्त नकोत. काय घडलं (तारीख, जागा, बोललेले शब्द). त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला. आता मला काय हवं आहे. तुमच्या बाबतीत: "परवाच्या बैठकीत हिशेबाचा तक्ता तू केलास असं तू म्हणालास. तो मी तीन रात्री बसून केला होता, त्यामुळे मला डावलल्यासारखं झालं. पुढच्या बैठकीत तू हे दुरुस्त करावंस." या वाक्यांत "नेहमी" किंवा "कधीच" आलं असेल तर खोडा. माणूस त्या एका शब्दावर अडतो, जुने अपवाद काढतो, आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. "तुला मोठेपणाच हवा असतो" असलं मनातल्या हेतूंवरचं वाक्यही खोडा. हेतू तुम्ही पाहिलेला नाही, पाहिली आहे ती कृती. कागद बरोबर नेऊ नका, तो तुमच्या तयारीपुरता.

भेट समोरासमोर हवी, मेसेजवर नको. वीस मिनिटं पुरतात. तीन वाक्यं झाली की थांबा आणि त्याचं पूर्ण ऐका. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, असं नीतिसूत्रे १८:१३ सांगतं. तक्ता दोघांनी मिळून केला अशी त्याची प्रामाणिक समजूत असू शकते. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका (इफिस ४:२६), या वचनाचा अर्थ रात्री अकराला त्याचं दार ठोठावावं असा नाही. राग मुरवत ठेवू नये, एवढाच. एक-दोन दिवसांत भेटलात तरी चालेल, दोन महिने थांबू नका.

दुसऱ्या पायरीवर बरोबर न्यायची एक-दोन माणसं तुमच्या बाजूची नसावीत. ही अट अनुवाद १९:१५ मधल्या दोन-तीन साक्षीदारांच्या नियमातून आली आहे, आणि साक्षीदार दोन्ही बाजूंना बांधलेला असतो. ज्यांना तुम्ही आधीच तुमची बाजू पटवून दिली आहे, ते साक्षीदार राहिले नाहीत. दोघांना चालेल असं माणूस निवडा आणि त्याला फक्त विषय सांगा, निकाल नको.

तिसरी पायरी मंडळीची. तिच्या शेवटी "परराष्ट्रीय किंवा जकातदार यासारखा तो तुला होवो" असं वाक्य आहे आणि त्याचा वापर हमखास बहिष्कारासाठी होतो. पण हे ज्याच्या शुभवर्तमानात आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता (९:९), आणि लोक ज्यांना दूर ठेवत त्या जकातदारांच्या पंगतीला येशू बसायचा. त्याला आता आतला मानता येत नाही, तरी त्याला परत आणायची धडपड सोडायची नाही, असं आम्ही ते वाक्य वाचतो. त्याच अध्यायात या पायऱ्यांच्या आधी हरवलेलं मेंढरू आहे आणि नंतर कर्जदाराचा दाखला. तिथले आकडे पाहा. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार तालान्त. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी त्याला माफ झाली, आणि तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तक्त्याचं श्रेय हे शंभर दिनारांपैकी आहे. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी, तेव्हा ते क्षुल्लक नाहीत. ते मागायला जरूर जा, पण गळा धरू नका.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात "अमक्यांच्या संसारासाठी प्रार्थना करा" असं म्हणत त्या घरातलं सगळं सांगितलं जातं. ते खरंच असतं, पण ऐकताना अवघडतं. याला चहाडी म्हणावं का?

होय. खरं असल्यामुळे ती चहाडी नाहीशी होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ दोन अपराध वेगळे करतो. एक म्हणजे खोटा आळ घेणं. दुसरा म्हणजे एखाद्याचे खरेच दोष, पुरेसं कारण नसताना, ज्यांना ते माहीत नव्हते त्यांना सांगणं. दोन्हींत माणसाचं नाव जातं. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९च्या छोट्या प्रश्नोत्तरीत खोटी साक्ष न देण्याची आज्ञा समजावताना आणखी पुढचं मागितलं आहे: शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला, आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा. लेवीय १९ मध्येही क्रम बोलका आहे. सोळाव्या वचनात चहाडीला मनाई, सतराव्यात शेजाऱ्याचा निषेध त्याच्या तोंडावर करण्याची आज्ञा, आणि अठराव्यात "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर".

गटात सरळ एक नियम ठरवून घ्या. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची परवानगी घेतलेली असावी, आणि गरज सांगावी, घटना नको. "त्या दोघांना या आठवड्यात धीर मिळावा" एवढं पुरतं. कोण कुणाला काय म्हणालं हे देवाला माहीत आहे. कुणी तपशिलात शिरलं तर भाषण न देता म्हणा, "एवढं पुरे, आता प्रार्थना करू या," आणि लगेच सुरू करा. हे गटप्रमुखाने केलं तर कुणाला टोचत नाही. तुम्हीच काही सांगून बसला असाल, तर ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाला गाठून "ते मी सांगायला नको होतं, पुढे जाऊ देऊ नका" असं म्हणणं भाग आहे. नुसत्या पश्चात्तापाने गेलेलं नाव परत येत नाही.

प्रश्न : ऑफिसात साहेब समोर बसलेले असताना फोनवर "ते बाहेर गेलेत" असं सांगायला लावतात. नोकरी सांभाळून काय करावं?

"ते आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत. निरोप देऊ का?" हे खरं आहे आणि साहेबांचं कामही त्याने भागतं. ते कुठे आहेत हे कळण्याचा हक्क फोन करणाऱ्याला नाही, त्याची फसवणूक न होण्याचा हक्क मात्र आहे. साहेबांशी एकदा, काम शांत असताना बोलून घ्या: "मी असं सांगितलं तर चालेल ना?" बहुतेकांना चालतं, त्यांना फक्त फोन टाळायचा असतो. पण धनकोला "चेक काल टाकलाय" असं सांगायला लावत असतील तर तो वेगळा मामला. तिथे शब्दांची चतुराई कामाची नाही, नकारच द्यावा लागेल. "होय तर होय, नाही तर नाही" (मत्तय ५:३७).

प्रश्न : वडिलांना कर्करोग झाला आहे आणि तो पसरला आहे. घरच्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवलंय की त्यांना कळू द्यायचं नाही. ते मला एकट्याला गाठून विचारतात. मी काय करू?

हे सत्य आधी त्यांचं आहे, तुमचं नंतर. घरच्यांचा हेतू मायेचा आहे यात शंका नाही. पण होतं काय, तर आजारी माणसाला शरीर सगळं सांगत असतं. आजूबाजूचे सगळे हसत असतात, आणि दोन्हींचा मेळ न लागल्याने तो एकटा पडतो. मग त्याला कुणाची माफी मागता येत नाही, देणीघेणी मिटवता येत नाहीत, कुठले उपचार नकोत ते सांगता येत नाही. वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी (याकोब ५:१४), किंवा फादरांकडून रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार) घ्यावा, हेही तो मागू शकत नाही, कारण तसं मागणं म्हणजे घरच्यांचं नाटक मोडणं.

आधी घरच्यांशी बोला. "मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही," एवढं स्पष्ट करा. डॉक्टरांना भेटून पुढे काय होऊ शकतं आणि वेदना आटोक्यात ठेवायला काय करता येतं ते समजून घ्या. ही दुसरी माहिती हाताशी नसेल तर सांगायला बसू नका.

मग वडिलांनी विचारलं की दार लावा, खुर्ची जवळ घ्या, आणि उलट विचारा: "बाबा, तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?" पुष्कळदा निम्मं उत्तर त्यांच्याकडूनच येतं. नंतर, "रिपोर्टात काय आहे ते सगळं ऐकायचंय, की उपचारांपुरतं?" ते "नको" म्हणाले तर तिथेच थांबा. न जाणण्याचा हक्कही त्यांचाच आहे. फक्त "पुढे कधी वाटलं तर विचारा" हे सांगून ठेवा. "हो" म्हणाले तर आधी एक इशारा द्या, "बातमी चांगली नाही." मग एक वाक्य, आजाराच्या नावासकट. मग गप्प बसा. सगळ्यांचं चुकतं ते इथे. ती शांतता सहन होत नाही म्हणून माणूस लगेच "पण काही होणार नाही" असं म्हणून टाकतो आणि सांगितलेलं पुसून टाकतो. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केल्यावर. "देवाची इच्छा" किंवा "यातून काही चांगलं होईल" हे त्या खोलीत तुम्ही म्हणू नका. वडील म्हणाले तर ऐका.

किती दिवस, असं विचारलं तर आकडा देऊ नका, तो डॉक्टरही खात्रीने देत नाहीत. ज्याची खात्री आहे ते सांगा: "दुखू नये याची काळजी घेतली जाईल. मी रोज संध्याकाळी येणार." आणि मग रोज संध्याकाळी या. शब्दाने नव्हे तर कृतीने आणि सत्याने प्रीती करा, असं योहान लिहितो (१ योहान ३:१८). त्या खोलीत खरं सांगण्याचा अधिकार त्या येण्यातून मिळतो.

प्रश्न : नवरा हात उगारतो. पाळक म्हणतात, क्षमा कर, दुसरा गाल पुढे कर, बाहेर बोलू नकोस, मंडळीची साक्ष (लोकांपुढचं तिचं नाव) बिघडेल. मी काय करावं?

बाहेर बोला. तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा आहे, आणि शास्त्राच्याच आधारे चुकीचा आहे. प्रमुख याजकापुढे शिपायाने येशूच्या तोंडात मारली तेव्हा येशूने विचारलं, "योग्य रीतीने बोललो असल्यास मला का मारतोस?" (योहान १८:२३). गालाबद्दलचं वचन ज्याने सांगितलं त्यानेच मारणाऱ्याकडे जाब मागितला. पौलाला फटके मारण्यासाठी बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि फटके थांबवले (प्रेषित २२:२५). लूक १७:३ मध्येही आधी निषेध आहे, मग पश्चात्ताप, आणि मग क्षमा.

क्षमा आणि पुन्हा एकत्र राहणं या दोन गोष्टी आहेत. सूड न घेणं, द्वेष न पोसणं हे तुमच्या हाती आहे, आणि त्याला वेळ लागला तरी चालेल. एकत्र राहण्यासाठी मात्र त्याचं बदललेलं वागणं दिसावं लागतं, आठवड्यांत नव्हे तर अनेक महिन्यांत, आणि तुमच्याखेरीज इतरांनाही. मार बसल्यावर रडून मागितलेली माफी हा पुरावा नव्हे. मार, माफी, चार दिवस गोडीगुलाबी आणि पुन्हा मार, हे चक्र जगभर सारखंच आढळतं.

मत्तय १८ मधली एकट्याने भेटण्याची पायरी इथे लावू नका. मारणाऱ्याला एकांतात जाब विचारणं धोक्याचं आहे. दोघांना एकत्र बसवून केलेलं समुपदेशनही आधी नको. तिथे खरं बोललात तर त्याची किंमत घरी मोजावी लागते. आधी विश्वासाची एक व्यक्ती निवडून तिला सगळं सांगा. कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं आणि मुलांच्या वस्तू तिच्याकडे ठेवा. जखमा डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या, तारीखवार टिपण त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. जिवाला धोका वाटला, विशेषतः त्याने कधी गळा दाबला असेल, तर वाट न पाहता बाहेर पडा आणि पोलिसांत किंवा महिलांच्या हेल्पलाइनवर जा. मंडळीची साक्ष मारणाऱ्यामुळे बिघडते, मार सांगणाऱ्या बाईमुळे नव्हे. हे आम्ही पाळकांनाही उद्देशून लिहितो आहोत.

प्रश्न : आईच्या औषधपाण्यासाठी आम्हा भावंडांचं एक सामाईक खातं आहे. ते मी सांभाळतो. अडचणीत त्यातून न विचारता पैसे घेतले आणि चार महिन्यांनी गुपचूप परत भरले. कुणालाच माहीत नाही. आता सांगणं गरजेचं आहे का?

आहे. पैसे परत आले, पण "हिशेब ठीक आहे" हा जो विश्वास भावंडं बाळगून आहेत तो चार महिने खोटा होता, आणि तो विश्वास त्यांचा आहे. शिवाय खातं अजून तुमच्याच हाती आहे. न सांगितलेली पहिली उचल दुसरी सोपी करते.

गणना ५:७ मध्ये यासाठी तीन भाग दिले आहेत: अपराध कबूल करणं, पूर्ण भरपाई, आणि वर पाचवा हिस्सा. शंभर घेतले असतील तर एकशेवीस. जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केलं (लूक १९:८). तुमची मुद्दल भरून झाली आहे, राहिला पाचवा हिस्सा आणि कबुली. पाचवा हिस्सा सांगण्याआधी भरू नका. तो शांतपणे भरला तर आणखी एक गुपित होईल.

आईला यात घेऊ नका. भावंडांना एकाच वेळी सांगा, एकाला आधी सांगितलं तर तो कात्रीत सापडतो. बँकेचं पासबुक समोर ठेवून किती, कोणत्या तारखेला घेतले, कधी भरले, ते सांगा. रक्कम गोल करू नका. अडचण काय होती ते त्यांनी विचारल्यावर सांगा, आधी सांगितली तर कबुलीचा खुलासा होऊन बसतो. "पण परत तर केले ना" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. "मला माफ केलंत ना?" असंही तिथल्या तिथे विचारू नका. तुमचं मन हलकं करणं हे त्यांचं काम नव्हे, आणि कुणाला आठवडा लागेल, कुणाला वर्ष. शेवटी पुढची व्यवस्था तुम्हीच सुचवा: निदान वर्षभर खातं दुसऱ्या भावंडाने पाहावं, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उतारा सगळ्यांना जावा, मग खातं कुणाच्याही हाती असो.